सारखी छत्तीस कोकरं

परभणी, ४ सप्टेंबर २०२४

ति. आबांस, योगिताचा शि. सा. न. वि. वि.

आईच्या गुडघ्याला तेल लावता ना, की मेंढ्यांच्या खुरांपुढे विसरता?

बातमी वाईट आहे. तुम्ही राखलेल्या छत्तीस कोकरांची वजनं तपासली. कडबा, सुबाभूळ, शेवगा असे बारा-बारांचे तीन गट. एफ चाचणीत गटागटांतला फरक गटाच्या आतल्या फरकाच्या किती पट आहे ते पाहतात. सव्वातीन पटीच्या वर हवा होता, एक पटही आला नाही. म्हणजे चाऱ्याने काहीच फरक पडला नाही. माझे मार्गदर्शक सर म्हणतात, राखण चोख असेल तर हाही निकालच, लिहून दे. तेव्हा प्रत्येक गटाने आपलाच चारा खाल्ला, अशा दोन ओळी तुमच्या हातच्या पाठवा. प्रबंध द्यायला तीस तारीख शेवटची. मुदत दोनदा वाढवून झाली, आता विद्यापीठातून नाव कमी होईल. मला भीती वाटते.

माया आहे तशीच ठेवा.
तुमची योगिता

नांदूरघाट, १० सप्टेंबर

चि. योगितास, म्हाळू व बायडाबाईचे अनेक आशीर्वाद.

सारखी निघाली तर भितेस कावून? जाताना तूच सांगितलंस, तिन्ही गट सारखे धरून चालायचं. मी तसंच चालवलं. कडब्याची कोकरं दुसऱ्या आठवड्यातच मागं पडली, गटांमधल्या जाळीला तोंड लावून शेवग्याकडं बघायची. तुझी आई म्हणाली, एका वाड्यात एकाला शेवगा न् एकाला कडबा, आसं आपल्यात न्हाई. मग रोज दिवस मावळताना तासभर जाळी उघडायचो. ज्याचं पोट खपाटीला, ते आधी. चार महिन्यांत एकही दगावलं नाही. हे सरांना दाखव, त्यांनाही बरं वाटेल.

जेवत जा. आमचा जीव तुझ्यापाशी आहे.
म्हाळू

परभणी, १७ सप्टेंबर

ति. आबांस, शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दोन दिवस पिशवीत घेऊन फिरले. दाखवलं नसतं तर पदवी मिळाली असती. पण शेवग्याने काही होत नाही असं माझ्या नावाने छापलं असतं, आणि आपल्यासारख्याच कुणीतरी तो पाला तोडणं सोडलं असतं. म्हणून दिलं. सरांनी वाचून घडी घालून परत दिलं. मग म्हणाले, आता इलाज नाही.

तुमचा राग आला, खोटं सांगत नाही. मग स्वतःचा आला. सारखे धरतात ते खोटं ठरतंय का हे पाहायला, एवढं मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं. पुन्हा कोकरं, पुन्हा चार महिने, हे आता होणे नाही.

शनिवारी मांजरसुंब्याला उतरेन. पेटी जड आहे, घ्यायला या. कोकरांच्या गळ्यातले रंगीत दोरे कापून टाका. कुणाचा गट कोणता, हे आता कुणी विचारणार नाही.

आईला एवढ्यात सांगू नका.
तुमची योगिता