साठ हजारांची लिमिट तीसवर आली

सोम. ९ फेब्रु. २००९, कुरुंदा
सकाळी दवाखान्यात दोन म्हशी, एक बैल. डॉक्टर रजेवर, त्यामुळे सगळं माझ्याच अंगावर. साडेअकराला बायको वत्सलासोबत बँकेत.
घराचं कर्ज नामंजूर.
साहेब नवीन आहेत, माझ्याहून लहान. म्हणाले, "मॅडम, तुमचा पगार बराबर, कागद बराबर. पण मुंबईहून रिपोर्ट येतो ना, त्यात तुमचे मार्क कमी आहेत."
मास्तरीणबाईला मार्क कमी. हसू आलं होतं, तिच्या तोंडाकडं पाहून गिळलं.
"काहून कमी?" वत्सलानं विचारलं.
"ते कंप्युटर ठरवतो."
"मग कंप्युटरनं काय पाह्यलं तेवढं सांगा."
साहेबांना सांगता येईना. कागद गिऱ्हाईकाला द्यायची परवानगी न्हाई म्हणे. पण कागद टेबलावर उघडा पडला होता, आणि समोर बसली होती एकोणीस वर्षं बाकाच्या पलीकडून पोरांच्या वह्या उलट्या वाचणारी बाई. बाहेर आल्यावर चप्पल घालता घालता म्हणाली, "क्रेडिट कार्डाच्या रकान्यात लिमिट तीस हजार लिवलीय. माझी तर साठ हाय."

मंगळ. १० फेब्रु.
व.नं शाळेतून आल्याबरोबर कार्डाची बिलं काढली. क्रमानं लावलेली, दोऱ्यानं बांधलेली. नोव्हेंबर, लिमिट साठ हजार. डिसेंबर, तीस. जानेवारी, तीस. कोपऱ्यात बारीक अक्षरात. तांबड्या पेननं तिन्हींवर गोल केले.
"दोन महिने झाले. मी खालचा भरायचा आकडा तेवढा पाह्यला, कोपरा न्हाई पाह्यला. ही चूक माझी."
मी म्हणालो, लिमिट कमी झाली तर झाली, आपल्याला कुठं अजून खर्च करायचाय? मार्क का कमी व्हावेत?
तिनं पाटीवर मांडून दाखवलं. गेल्या भादव्यात माझ्या मूतखड्याच्या ऑपरेशनचे चौतीस हजार याच कार्डावर गेले. फेडत फेडत सव्वीस राहिले. साठातले सव्वीस म्हणजे निम्म्याच्या आत. तिसातले सव्वीस म्हणजे गळ्यापर्यंत. "पाणी तेवढंच हाय. हंडा काढून घेतला अन् कळशी ठेवली. दुरून पाहणाऱ्याला वाटते ही बाई बुडत आली."
खडा माझा, मार्क तिचे गेले.

गुरु. १२ फेब्रु.
कार्डवाल्या बँकेला फोन. शाळेच्या गच्चीवर रेंज येते, म्हणून दोघं वर. बावीस मिनिटं नुसती पेटी वाजली. मग एक मुलगी, हिंदीत.
"मॅडम, आपका खाता तो बहुत अच्छा है. एक भी किस्त लेट नहीं."
"अच्छा है तो लिमिट कम क्यों किया?"
"मॅडम, सबका हुआ है. मार्केट का हाल खराब है ना."
"मुझे बताया क्यों नहीं?"
"बिल पे प्रिंट होता है, मॅडम."
व.नं शांतपणे त्या मुलीचं नाव, वेळ, तक्रारीचा नंबर विचारून वहीत लिहिला अन् "तुम्हारा दोष नहीं बेटा" म्हणून फोन ठेवला. मी असतो तर शिव्या दिल्या असत्या.

रवि. १५ फेब्रु.
आज कात्री घेतली होती. कार्डाचे चार तुकडे करतो म्हटलं, कटकट मिटेल. बँकेचे साहेब सुद्धा परवा तेच बोलले, बंद करून टाका.
तिनं कात्री हातातून घेतली, अनूच्या वहीला कव्हर घालायला बसली. अनू म्हणजे आमची दहा वर्षांची लेक, तिच्या शेजारी बसून.
"कार्ड कापल्यानं सव्वीस हजार कापले जातेत का? तीन वर्षं टायमावर भरले, ते बी त्याच कागदावर हाय. तेवढं एकच चांगलं हाय, अन् तेच पुसायचं?"
मी कार्ड परत पाकिटात ठेवलं.
बदल्यांपायी अकरा भाड्याच्या खोल्यांत संसार झाला आमचा. पुसेगावच्या खोलीत तर दार आतून लागत नव्हतं, बाजेचा पाय लावून झोपायचो. कधी बोलली न्हाई. आता घ्यायचंय ते मुंजाजी काकांचं घर पाहायला गेलो तेव्हा मात्र प्रत्येक दाराची कडी लावून पाहिली तिनं.

रवि. २२ फेब्रु.
शिरड शहापूरला दादाकडं. व.ला सांगितलं लसीच्या कामानं चाललो. खोटं.
दादाकडं तीस-पस्तीस शेळ्या-मेंढ्या. मी काही मागायच्या आतच त्याला कळलं. "तोंड काहून उतरलं?" सांगितलं. ऐकून घेतलं, सहा शेळ्या बाजूला काढल्या, दोन तासांत खाटकासोबत सौदा. बारा हजार माझ्या हातावर. वहिनीनं भाकरी वाढली अन् राहिलेल्या शेळ्या मोजल्या.

सोम. २३ फेब्रु.
व.ला पैसे दिले. विचारलं कुठले. सांगावं लागलं.
"त्यातल्या गाभण किती?"
मी जनावरांच्या दवाखान्यातला माणूस. चार गाभण होत्या, काल हातानं तपासल्या होत्या मी. सांगितलं.
ती ओरडली न्हाई. "महिन्यानं चाराच्या आठ झाल्या असत्या. आत्ताच्या आत्ता जा. खाटिक शेळ्या उद्या नेणार असंल." गेलो. शेळ्या दारातच होत्या. खाटकाला दोनशे जास्तीचे देऊन सौदा मोडला. दादा म्हणाला, "तुझ्यापरीस तिलाच जनावरातलं जास्त कळते." खरं आहे.

सोम. २ मार्च
आज रागावलो होतो तिच्यावर. लिहून ठेवतो.
मुंजाजी काका म्हणजे घराचे मालक. पोस्टातून रिटायर, मुलाकडं औरंगाबादला जायचंय त्यांना. पंचवीस हजार बयाणा दिलेला, पाडव्यापर्यंत बाकीचे न्हाई दिले तर तो बुडाला. वसमतचा एक हार्डवेअरवाला जास्त भाव घेऊन तयारच आहे. आणि ही म्हणते, काकांना सगळं खरं सांगायचं. मी म्हटलं, बँकेत काम चालू आहे एवढंच सांग. ऐकलं न्हाई.
ओसरीवर बसून सांगितलं तिनं. कर्ज नामंजूर, मार्क कमी, कशामुळं, आणि ते वर यायला किती दिवस लागतील. "जूनपर्यंत मुदत द्या काका. द्यायची नसंल तर तसं सांगा, मी रागावणार न्हाई. तुमची बी तकलीफ हाय."
काकांनी सुपारी कातरली. मग म्हणाले, "बाई, पैसे न्हाईत म्हणून सांगाया कुणी घरी येत न्हाई. दुसऱ्या गल्लीनं जातेत." तीस जून दिली. लिहून नको म्हणाले, हिनं तरी लिहून दिलं.
वाटेत तिनं टोमणा मारला न्हाई.

मंगळ. १० मार्च
भिशी उचलली. दहा जणी, दीड दीड हजार. नंबर व.चा मेमध्ये होता, आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनं आपला नंबर बदलून दिला. सिस्टरच्या पोरीला व.नं फुकट शिकवलंय, पण व.नं त्याचं नाव काढलं न्हाई, सिस्टरनंच काढलं.
पंधरा हजार सरळ कार्डात. महिन्याचा हप्ता धरून राहिले दहा.
मी: आता लगेच अर्ज टाकू.
ती: "न्हाई. घडीघडी विचारलं तर मार्क अजून उतरतात. साहेबांनीच नांदेडच्या ऑफिसला विचारून सांगितलं. दोन-तीन बिलं जाऊ द्या."
थांबायची ताकद माझ्यात न्हाई. तिच्यात आहे.

शनि. २८ मार्च
काल पाडवा. कार्डवाल्यांचं उत्तर आलं. लिमिट वाढवता येत नाही, खेद आहे. दीड ओळ. तिनं दोऱ्यात ओवून ठेवलं.

शुक्र. १७ एप्रिल
बँकेचे साहेब शाळेत आले होते म्हणे, मधल्या सुट्टीत. सोबत तांड्यावरचा रामू राठोड. त्याचं ट्रॅक्टरचं कर्ज असंच अडलंय, त्याचंही कार्ड, त्याचीही लिमिट उतरवलेली. साहेब म्हणाले, "मॅडम, तुमी मला जसं समजावलं तसं याला समजावा, माझ्याच्यानं होत न्हाई."
व.नं फळ्यावर दोन घागरी काढल्या. एक मोठी, एक लहान. चौथीच्या पोरांनाही समजलं, साहेबांनाही.
रामू जाताना म्हणाला, "बाई, मला वाटलं माझ्या तांड्याचं नाव पाहून न्हाई म्हनले." व. त्याला म्हणाली, तसं असतं तर मी बी तुझ्यासंग भांडाया आले असते.
हे तिनं सांगितलं न्हाई. रामूनं दवाखान्यात रेडकू आणलं तेव्हा त्याच्याकडून कळलं.

शनि. १६ मे
पुन्हा.
बिल आलं. या वेळी आधी कोपरा पाहिला. लिमिट बारा हजार.
आपण पंधरा भरले, त्यांनी अठरा कापले. बाकी साडेआठ. बारातले साडेआठ म्हणजे फिरून गळ्यापर्यंत. मी बिल भिरकावलं. ऊन असं की चुलीपुढं बसल्यासारखं, पंखा बंद.
तिनं बिल उचललं, वाचलं, आणि पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी पाहिलं. अनूनं येऊन मांडीवर डोकं ठेवलं. दहा मिनिटं असेल. मग उठून तोंड धुतलं.
"आता एकच रस्ता हाय. घागर कितीबी लहान करू द्या, रिकामी घागर भरलेली दिसत न्हाई."
साडेआठच्या साडेआठ भरायचे. रजिस्ट्रीसाठी बाजूला ठेवलेले पाच आहेत, ते घालायचे. बाकीचे साडेतीन?

सोम. १८ मे
दादा आला. मी बोलावलं नव्हतं, सिस्टरचं माहेर शिरडचं, तिच्याकडून कळलं असेल. बोकडं विकून चार हजार घेऊन आला. व.नं डोक्यावरचा पदर सावरून विचारलं, "दादा, शेळ्या?"
"इल्या. चौघींना नऊ करडं झाली, एकीला तीन. बोकडं आता विकायचीच व्हती."
तेव्हा घेतले तिनं. दिवाळीला परत, असं स्वतः लिहून त्याच्या हातात दिलं. दादाला वाचता येत न्हाई. कागद मात्र घडी घालून टोपीत ठेवला.

बुध. २० मे
साडेआठ भरले. कार्डावर शून्य. कार्ड बंद केलं न्हाई. महिन्याला शंभराचं पेट्रोल टाकायचं, टायमावर भरायचं, असं ठरलंय. लोक बायकोच्या रूपाचं, स्वयंपाकाचं सांगतात. मी कुणाला काय सांगू, की माझ्या बायकोनं कंप्युटर वाचला?

बुध. १७ जून
शाळा सुरू. व.ला पुन्हा चौथी, स्कॉलरशिपचा वर्ग. माझी मेंढ्यांच्या पोटाच्या रोगाची, आंत्रविषाराची लस चालू, दिवसाला दोनशे मेंढ्या, हात दुखून राहिला. अर्ज परवा टाकला. साहेब म्हणाले नवा रिपोर्ट मागवतो, त्यात मेमध्ये भरलेलं चढलं असलं तर ठीक, चढलं नसलं तर जुनंच दिसेल.
चढलं असेल का?

शुक्र. २६ जून
बँकेकडून काही न्हाई. मुंजाजी काकांनी सामान बांधायला घेतलंय. हार्डवेअरवाला दोनदा येऊन गेला, गल्लीतूनच कळलं. काका आम्हाला काही बोलले न्हाईत.

सोम. २९ जून
मुदत उद्या.
दहा वाजता दवाखान्यात साहेबांचा फोन. "रिपोर्ट आलाय. मॅडमला घेऊन या." कसा आलाय, विचारलं. "या तर." आवाजावरून काही कळेना. तसाच लसीच्या हातानं मोटारसायकल काढली, शाळेत गेलो.
व. भागाकार शिकवून राहिली होती. दारातून खूण केली. बाहेर आली, ऐकून घेतलं.
"साडेबाराला मधली सुट्टी. तवा येते."
"अगं, आज..."
"पोरं अर्ध्या गणितात हायेत. रिपोर्ट काय पळून चाललाय?"
परत आत गेली. दार लोटायच्या आधी वळून म्हणाली, "तुमी जाऊन बसा. पण माझ्याबिगर विचारू नका."
म्हणून बँकेत बाकावर बसून हे लिहितोय, लसीच्या रजिस्टरच्या पाठीमागं. साहेब आत. दोनदा मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मी विचारलं न्हाई. शिपायानं त्यांच्या टेबलासमोर दुसरी खुर्ची आणून ठेवली, फडक्यानं पुसली. साहेबांनी सह्यांचे कागद काढून त्या खुर्चीपुढं मांडले.
बारा पस्तीस. खिडकीतून रस्ता दिसतो. ती येऊन राहिली. उन्हातून, डोक्यावर पदर, हाताला खडू. घाई न्हाई.