गोदामातला भुसा

३ मार्च, मंगळवार

गोदाम जळालं. बरं झालं म्हणणार नाही, पण वाईट झालं म्हणायलाही जीभ वळत नाही. आतला माल तणनाशकाचा, मालक शेठ – दोन्ही गवत उगवू न देणारे.

मी सांगतेय, धाकटी सून लिहितेय. मला अक्षर येत नाही आणि तिला बोलणं येत नाही, म्हणून आमचं जमतं. हेही लिही गं.

धाकटा माझा त्या गोदामातला मुकादम. थोरला बंबावरचा, रसायनांच्या आगीला जी वेगळी गाडी जाते तिचा प्रमुख. म्हटलं, एकानं लावायची, दुसऱ्यानं विझवायची, घरचा धंदा झाला की! धाकट्याचा चेहरा चुन्यासारखा पडला. गंमत करायची सोय राहिली नाही या घरात.

४ मार्च, बुधवार

खालचा शिंपी जिन्यात भेटला. म्हणे, "तुमचा थोरला लांबूनच पाणी मारत होता, आजी. झाडांना घालतात तसं."

"तुम्ही कुठं होतात?"

"मी… खिडकीतून बघितलं."

"पडद्याआडून. मग स्पष्ट दिसलं असणार."

बाहेरच्याला एवढं सुनावलं, पण घरात आल्यावर थोरल्याला मीच म्हणाले, वाघ पोसला म्हणत होते, निघालास माळी.

त्याला राग येत नाही, हाच त्याचा मोठा दोष. जेवता जेवता शिकवायला लागला. "आई, ती तणनाशकाची पावडर स्वतः जळत नाही. शेजारी जे असेल त्याला जाळायला मदत करते."

"अशी एक आपल्या वरच्या मजल्यावर राहते."

हसला. म्हणाला, झाकून गुदमरवायला जावं तर उपयोग नाही, तिची हवा तिच्याच पोटात असते. एकच उपाय – माणसं लांब आणि पाणी भरपूर. शेठ म्हणे कानाशी ओरडत होता, आत जा, माल काढा. थोरला म्हणाला, "तुम्ही व्हा पुढं, मी दार धरतो." शेठला त्याच क्षणी फोन आला.

मग फाटकाशी सगळ्यांचे कपडे उतरवले, अंगावर पाणी मारलं, कपडे पिंपात बुडवले. पावडर कपड्यात मुरते, आणि कपडा वाळला की ठिणगीची वाट बघत बसतो. गोदामातला तो कारकून, जो एरवी खुर्चीवरून मान वळवत नाही, चड्डीवर उभा होता छातीवर हात घेऊन! हे बघायला मला कुणी बोलावलं नाही.

सगळे सापडले, एक हमाल सोडून. लंबू म्हणतात त्याला.

६ मार्च, शुक्रवार

लंबू दवाखान्यात आहे. आगीच्या दिवशी मागच्या दारानं, त्याच पावडरीच्या, घामानं ओल्या कपड्यांत घरी गेला. कपडे अंगावरच वाळले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवायला शेगडीपाशी वाकला आणि विजार पेटली. बायकोनं चादर गुंडाळली तर विझेना. बादली ओतली तेव्हा विझली. दोन्ही पाय गेल्यात जमा.

शेठ लगेच सांगत सुटला, "हाच आत सिगारेट ओढत होता, म्हणून पळाला." एरवी या माणसाला आपली छत्री कुठं ठेवली ते आठवत नाही.

लंबू सांगतोय, मुकादमानं सांगितलं ते मी केलं. शेठ म्हणतो, असंच सांगणार तो. हमालाचं कोण ऐकतो? आता दवाखान्यातून सुटला की थेट कोठडीत.

आमचे मुकादम पाण्याचा पेला धरून बसले होते. पीत नव्हते.

९ मार्च, सोमवार

आज धाकटा स्वयंपाकघरात ओकला सगळं. पिंप फुटलं, पावडर सांडली. यांनी तिच्यावर लाकडाचा भुसा टाकायला लावला. तेल सांडलं की टाकतात, म्हणून. शेठला जमीन चकचकीत लागते ना. वर लंबूला म्हणाले, खरवड. लोखंडी फावडं फरशीवर घासलं आणि भडका.

म्हटलं, "हुशार आहेस. ताप आला तरी भुसाच लावत जा."

मग आग पेटल्यावर याचं दुसरं शहाणपण. लंबूला मागच्या दारानं पिटाळलं. "दादाच्या नजरेला पडू नकोस" म्हणे. म्हणजे दादा विचारणार, आणि लंबू खरं सांगणार. फाटकावरचं पाणी त्याच्या नशिबात नव्हतं ते असं.

रडायला लागला. मिशीवाला बाप्या रडतो तेव्हा मला फार किळस येते. भांडी पुसायचं फडकं दिलं.

संध्याकाळी थोरला आला. "आई, जळका भुसा सापडलाय. पण कुणी टाकायला लावला हे राख सांगत नाही. कुणीतरी बोलायला हवं. धाकटा काही बोलला?"

"तो कधी बोलतो? बायकोचा गुण लागलाय."

मग मीच म्हणाले, "सगळे सिगारेट म्हणतायत, तर असेल सिगारेट. सख्खा भाऊ आहे तुझा."

ताटावरून उठला. तत्त्वं पोटात गेली की याला जेवण लागत नाही. लंबूसाठी मी माझ्या पोराला तुरुंगात घालू? त्याची आई मला घर चालवून देणार आहे?

काय थांबलीस? लिही.

११ मार्च, बुधवार

उद्या चौकशी. शेठनं निरोप धाडलाय, मुकादमासाठी गाडी पाठवतो. बोकडालाही माळ घालूनच नेतात.

१२ मार्च, गुरुवार

आज थोरली सून लिहितेय. सकाळी शेठची गाडी आली तर धाकटीनं ती परत पाठवली. नवऱ्याला म्हणाली, "चला, चालत जाऊ. भुशाचं तुम्ही सांगता का मी सांगू?"

मी दार अडवून उभी राहिले.

"आई, बाजूला व्हा."

झाले.