चार एकर जमीन आणि पाच मोह

मी, बाबाराव गणपतराव नाखले, वय ७९, रेल्वेचा निवृत्त गार्ड, राहणार पुरानी बस्ती, रायपूर, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी लिहिलेलंही खरं आहे, पण त्याचा इथे संबंध नाही.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक मुलगा शिशिर याला. त्याने माझं सगळं केलं. माझ्याशी मराठीत बोलला असता तर अजून बरं वाटलं असतं.

२. गार्डाची शिट्टी ज्याला हवी त्याने घ्यावी, पण मोहाच्या झाडाखाली वाजवू नये. दुर्बीण भाचा पियुष सोडून कोणालाही द्यावी. कारण पुढे येईल.

३. महासमुंदकडच्या गावातली चार एकर जमीन, तिच्यावरच्या पाच मोहांसह, नात स्वरदा हिला. शिशिर म्हणतो, "बाबा, बेच दो. अब तो वहाँ भालू भी नहीं आता." अस्वल येत नाही हे खरं आहे. ते माझ्यामुळे येत नाही, म्हणून हे कलम लांबलं.

माझी पत्नी इंदू चैत्रात मोहफुलं वेचायला जाई. झाडांपासून वीस पावलांवर उभी राहून ती दोनदा खोकायची आणि थांबायची. मी घाई केली की म्हणे, "थांबा ना जी, काहून घुसून राहिले? लेकुरवाळी आहे ते. तिले निघाले टाइम तं द्या." मग पाला वाजत वाजत दूर जाई. तीस वर्षं आम्ही आणि अस्वलं एकाच झाडाखाली जेवलो, पंगती तेवढ्या वेगळ्या.

इंदू गेल्यावर मला वाकून वेचवेना. फुलं नीट दिसावीत म्हणून लोक खालचा पाला जाळतात, त्याने रान पेटतं. म्हणून मी शहाणपणा केला आणि झाडांखाली जाळी अंथरली. आमचा वाटेकरी लोकेश रोज संध्याकाळी बजावायचा, "बबा, जाली ला उठा ले." एका संध्याकाळी मी कंटाळा केला. सकाळी अस्वलाची मादी जाळीत पाय अडकून पडली होती. पियुषने व्हिडिओ काढला आणि गर्दी जमवली. लोकेशने लांब बांबूने पाण्याचं घमेलं तिच्याकडे सरकवलं. वनखात्याची माणसं तिला सोडवून दूरच्या जंगलात घेऊन गेली. तिचं पिल्लू सापडलं नाही.

त्याला चार चैत्र झाले. दर वर्षी मी जाऊन खोकतो आणि थांबतो. पाला वाजत नाही. मला इंदूची आठवण येते की त्या आवाजाची, हे आता मला सांगता येत नाही.

४. ही जमीन विकू नये. कुंपण घालू नये. जाळी तर कधीच नाही. ओढ्याकडच्या दोन मोहांचं एकही फूल उचलू नये. उरलेल्या तीन मोहांची फुलं लोकेशची. ऊन पडल्याशिवाय कोणी झाडाखाली जाऊ नये.

५. स्वरदा, हे तुझ्यासाठी. ते पिल्लू वाचलं असेल तर आता मोठं झालं असेल. दर चैत्रात एकदा तरी जा. वीस पावलांवर उभी राहून दोनदा खोक, आणि घाई करू नकोस. पाला वाजला तर फोटो काढू नकोस, कोणाला सांगूही नकोस. घरी ये, माझ्या आणि इंदूच्या फोटोसमोर उभी राहा आणि दोनदा खोक. आम्हाला कळेल.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि दोघांच्या देखत सही केली.

(सही) बाबाराव गणपतराव नाखले

साक्षीदार:
१. (सही) शर्मिष्ठा पुराणिक, समता कॉलनी
२. (सही) सुशील देवपुजारी, निवृत्त स्टेशन मास्तर

रायपूर, २४ मार्च २०२५