मागे राहिली

बाबा, मी आता खरंच टेकीला आले आहे. वॉटफर्डबाहेरचं ते शेत हातचं जाणार. रेपसीडला तुम्ही शेवटपर्यंत मोहरीच म्हणालात. तीच मोहरी यंदा पारवे फस्त करतायत आणि मला त्यातला एकही पाडता येत नाही. तुमची मुलगी म्हणून म्हाताऱ्या शेतकऱ्याने तुमच्यानंतरही पीक राखायला मला पारव्यांच्या शिकारीला येऊ दिलं. काल म्हणाला, "सॉरी, लव्ह. शनिवारी बघतो, नाहीतर दुसऱ्या कुणाला बोलवावं लागेल." घर विकलं, तुमची गाडी भंगारात गेली. तुम्ही भेटाल अशी ही एकच जागा उरली होती. तीही गेली तर मी कुठे जाऊ?

नेमबाजीच्या डीव्हीडी पाहून झाल्या. आता तुमचाच जुना धडा गिरवतेय. भिंत आणि छत मिळतात त्या रेघेवरून बंदुकीऐवजी छत्रीचं टोक फिरवायचं, कोपऱ्यात थांबायचं नाही. डोळ्यांसमोर तेच येतं: मी शाळकरी आहे, हात भरून आलेत, स्वयंपाकघरात आई रश्श्यासाठी कांदा-खोबरं भाजतेय आणि तुम्ही सोफ्यावरून ओरडताय, "पाखरू थांबतं का कोपऱ्यात? मग तू का थांबतेस?" शेतावर मात्र बार झाला की तुमचं एकच, "मागे राहिली!" गणितात मागे, मराठीत मागे, बंदुकीतही मागेच. मला तुमचा भयंकर राग यायचा. जेवताना पारव्याच्या रश्श्यातला छर्रा दाताखाली आला की तो ताटात टणकन टाकून तुम्ही हसायचात, तेही मला माझ्यावरच वाटायचं.

आज आईला फोन केला आणि रडलेच. म्हटलं, "बाबांना मी कायम स्लोच वाटले. सारखं आपलं मागे राहिली, मागे राहिली."

आई हसायलाच लागली. "अगं वेडे, तुला नाही! गोळी. गोळी उडत्या पाखराच्या मागे राहिली. तुला म्हणायचं असतं तर 'राहिलीस' म्हणाले असते ना? ऑनेस्टली, तुझं मराठी!"

एवढासा 'स', बाबा. तो नव्हता हे मला कधी कळलंच नाही. तुम्ही फक्त गोळी कुठे गेली ते सांगत होतात. आणि मी इतकी वर्षं मनात कुढत बसले.

शनिवार दुपार. पुढचं गाडीत बसून लिहितेय. सकाळी कुंपणाला पाठ लावून बसले होते. डावीकडून पारवा आला. नळी त्याच्यावरून पुढे नेली आणि चाप ओढल्यावरही थांबवली नाही. पारवा मोहरीत पडला. नंतर आणखी पडले. फाटकापाशी उभ्या शेतकऱ्याने अंगठा वर केला. शेत राहिलं.

पत्र घडी करून बंदुकीच्या पिशवीत ठेवते, टाकणार तरी कुठल्या पत्त्यावर? पण एक सांगते. पहिला पारवा पडला तेव्हा मी मान वळवून पाहिलं, तुम्ही काय म्हणताय म्हणून. मागे नुसतं कुंपण होतं. गोळी गेली पुढे, बाबा. या वेळी मीच मागे राहिले.