सोन्याच्या मुलखातली गाडी

बेंडिगो, ऑस्ट्रेलिया

रुपालीच्या बाबांना मथुराचा जयभीम.

मी बरी आहे. काल रुपालीने बसने सोन्याच्या जुन्या खाणी दाखवल्या, मग कोळशाच्या आगगाडीत बसवलं. गाडी आपल्या दारव्ह्याच्या शकुंतला रेल्वेइतकीच हळू. थांबली तशी मी सवयीने खाली उतरले. तेवढ्यात शिटी झाली. रुपाली ओरडली, "ही शकुंतला नाही वं माय, धावून पकडाले!" सगळे हसले, मीही हसले.

सोनं संपल्यावरही पुष्कळ लोक इथेच राहिले म्हणे. दारव्ह्याचं घर विकून आपणही इकडेच यावं, असं रुपाली म्हणते. तुमचा खोकला कसा आहे?

नको म्हणायचं असेल तर पत्रातच लिहा. आपण फोनवर बोलतो तेव्हा ती शेजारीच बसलेली असते.

मथुरा