खोकणारा बगळा

मांडवी, रत्नागिरी
मार्गशीर्षातला गुरुवार (घरात मासळी नाही, त्यामुळे लिहायला निवांत वेळ आहे)

आदरणीय केरूदादांस,

मांडवीहून जानूचा वाकून नमस्कार (गुडघे परवानगी देतात तेवढाच वाकून, उरलेला मनातल्या मनात). सावर्ड्याला थंडी पडली असेल. वहिनींची कंबर आता कशी आहे, आणि संदेशच्या दुकानात तुम्ही अजून गल्ल्यावर बसता की त्याने तुम्हाला उठवलं? तुमच्या डोळ्याची चौकशी मी मुद्दाम मागे ठेवली. मोतीबिंदू काढल्यापासून तुम्हाला लांबून येणाऱ्या एस्टीची पाटी वाचता येते हे ऐकून आनंद झाला. पण त्याच डोळ्यांनी तुम्हाला घरातली कोळिष्टकंही दिसायला लागली, ती तुम्ही वहिनींना एकेक करून दाखवलीत, आणि मग वहिनी बरेच दिवस तुमच्याशी बोलत नव्हत्या, हेही इकडे पोचलं आहे. ऑपरेशनचे असेही परिणाम होतात, हे डॉक्टर आधी सांगत नाहीत.

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. दादा, फोनवर माझं खाजगी बोलणं होऊच शकत नाही. जन्मभर वाऱ्याशी ओरडून माझा आवाज असा झालाय की मी कुजबुजलो तरी जेटीवर ऐकू जातं, आणि तुमची बहीण कमळा तर इथेच पडवीत मासे साफ करत (आज गुरुवार, म्हणून वाल सोलत) बसलेली असते. अक्षर जरा मोठं दिसेल. ते तुमच्या नव्या डोळ्याला ताण पडू नये म्हणून. पेन नातीचं आहे, मनस्वीचं, चित्रं रंगवायचं जाड स्केचपेन. तिला विचारून घेतलंय (घेतल्यानंतर विचारलं). एका पानावर फार ओळी मावत नाहीत, तेव्हा पाकिटाची जाडी बघून घाबरू नका.

तर मूळ मुद्दा. दिवाळीआधी कमळाने मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने माझ्या डोळ्यात उजेड मारला आणि मला सोडून तिलाच सांगितलं की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, आता काढायला उशीर करू नका. डोळ्यात पिकलाय म्हणजे काय, आंबा आहे का तो. दादा, तुम्हाला ठाऊक आहे, मी तांडेल. होडीवर बाकी सगळे हात, तांडेल तेवढा डोळा. पाण्यावर पक्षी कुठे घिरट्या घालतायत, कुठे सूर मारतायत, ते बघून खाली बांगडा आहे की तारली ते मी सांगायचो आणि जाळं तिथे पडायचं. ज्याच्या डोळ्यावर अख्ख्या मांडवीच्या होड्या सुटायच्या, त्याने आता खुर्चीत बसून भिंतीवरची अक्षरं वाचून दाखवायची, आणि तीही चुकवायची. मी घरी येऊन जाहीर केलं की मला सगळं दिसतं, यंदा धुकं जास्त आहे एवढंच (मुंबईवाल्यांचा धूर इकडे सरकला असावा).  संध्याकाळी कमळा अंगणात उभी राहिली आणि म्हणाली, "त्या खांबावर कोन बसलाय तेवढं सांगा. बरोबर निघालं तर मी डॉक्टरचं नाव काढनार नाय."

अशा रीतीने मी पक्षीनिरीक्षक झालो. (लोक निसर्गप्रेमाने होतात, मी हट्टाने झालो.) खांबावर खंड्या होता. निळा आणि ताठ. नुसतं नाव सांगून थांबायचा माझा स्वभाव नाही. होडीवर गाणी रचायची सवय होतीच, तेव्हा तिथल्या तिथे चार ओळी रचून तिला ऐकवल्या:

खांबावर बसे खंड्या
निळा कोट, मान ताठ
किती वेळ झाला तरी
वळवेना कधी पाठ

कमळा खांबापर्यंत चालत गेली आणि खंड्याला खांद्यावर टाकून घेऊन आली. आमच्या होडीवरच्या बाबल्याने वाळत घातलेला रेनकोट होता. पण दादा, तुम्ही न्यायाने बघा. निळा कोट असं मी कवितेत स्पष्ट म्हटलेलं आहे. कोट बरोबर ओळखला, आत पक्षी नव्हता एवढाच फरक. तिचं म्हणणं पडलं की डॉक्टरची तारीख घेऊ. माझं म्हणणं पडलं की एका पक्ष्यावरून माणसाची परीक्षा होत नाही. शेवटी होळीपर्यंतची मुदत ठरली. होळीच्या सुमारास पाहुणे पक्षी आपापल्या देशी जायला लागतात, तोवर मी पक्षी नीट ओळखून दाखवले तर ऑपरेशन नाही, चुकलो तर मीही निमूट डॉक्टरकडे निघायचं.

मग रीतसर तयारीला लागलो. इथे पक्षीमित्रांचं एक मंडळ आहे. रविवारी सकाळी गळ्यात दुर्बिणी घालून किनाऱ्याने फिरतात, आणि पक्षी दिसला की देवळात असल्यासारखे कुजबुजतात (मला पहिल्याच दिवशी सर्वांच्या मागून चालायची विनंती झाली). त्यांची पुढारी समीक्षा नावाची मुलगी आहे, बँकेत असते. तिने मला तात्या म्हणून मंडळात घेतलं, आम्ही जन्मभर ज्यांना आमच्या नावांनी हाका मारल्या त्या पक्ष्यांची पुस्तकातली सोवळी नावं शिकवली, आणि एक दुर्बीण वापरायला दिली. दुर्बीण खराब निघाली. आत सगळं दुधाळ. मी ती लुंगीने पुसली, मनस्वीच्या रुमालाने पुसली, कमळाच्या मऊ जुन्या साडीने पुसली. शेवटी समीक्षाला परत केली आणि सांगितलं की हिच्यात धुकं शिरलंय. तिने दुर्बीण डोळ्याला लावली, बराच वेळ समुद्राकडे बघितलं आणि म्हणाली की हो तात्या, आहे खरं थोडं. फार गुणी मुलगी आहे.

माझ्या कविता मात्र मंडळात जोरात चालतात. फेरी संपली की टपरीवर चहा घेताना मला म्हणायला लावतात. मालगुंडच्या फेरीला तर मी एक म्हटली आणि दोघांना चहाचा ठसका लागला. पहिल्यांदा सगळे हसले तेव्हा मला राग आला होता, कारण मी ते माहिती म्हणून लिहिलं होतं. मग समीक्षाने समजावलं की याला विनोदी पक्षीकाव्य म्हणतात आणि ते सगळ्यांना जमत नाही. तेव्हापासून मी ते मुद्दाम तसं लिहितो असं सांगतो.

आता कुरवांचा (समुद्रावरच्या त्या पांढऱ्या पक्ष्यांचा) प्रकार, जो बहिणीकडून तुमच्या कानावर वेगळा आला असेल. एका सकाळी जेटीवरून मला लांब पाण्यावर पांढरा थवा बसलेला दिसला. दादा, अंगावर काटा आला. किती दिवसांनी पाण्यावर काही स्वच्छ दिसत होतं. मी बाबल्याला हाक मारली (ती पार खाडीपलीकडे भाट्याला गेली). बाबल्या म्हणजे माझ्या हाताखाली तयार झालेला, आता माझी होडी तोच नेतो. त्याने मी दाखवलं तिकडे बघितलं, मग बाकीच्या पोरांकडे बघितलं, आणि इंजिन सुरू केलं. ते परत येईपर्यंत माझी कविता तयार झाली:

पाण्यावर भरे सभा
पांढऱ्या या कुरवांची
एक शब्द ना काढती
गोष्ट नाही या गावाची

सभा आणि शांत, तिथेच मला संशय यायला हवा होता. कुणाच्या तरी जाळ्याला बांधलेले पांढरे प्लास्टिकचे कॅन होते ते. हे मला बाबल्याने सांगितलं नाही, दुसऱ्या होडीवरचे हसत होते त्यावरून कळलं. बाबल्या जेटीवर उतरला, माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "पक्षी होते, तात्या. पन उपाशी होते." आणि थवा दाखवणाऱ्याला मान म्हणून मासळी द्यायची आमच्यात रीत आहे, त्याप्रमाणे त्याने माझ्या हातात बांगडे ठेवले. दादा, ते थंडगार होते. बर्फातले. डोळ्याचं राहू द्या, ताजा बांगडा आणि बर्फातला बांगडा माझ्या हाताला झोपेतही कळेल. कुठून तरी आणून त्याने माझा मान राखला होता. मी फक्कड ताजे आहेत म्हणालो आणि घरी आलो. 

असं सगळं असलं तरी एक पक्षी माझा कधीच चुकला नाही, आणि त्याची दखल मंडळाने अजून घेतलेली नाही. रोज सकाळी मी एकटाच धक्क्यावरून फिरायला जातो तेव्हा एक पांढरा बगळा माझ्या मागे असतो. मी चाललो की चालतो, थांबलो की थांबतो, वळून बघितलं की समुद्राकडे तोंड करतो. डोकं पांढरं स्वच्छ, बाकी अंग थोडं हिरवट (ही जात पुस्तकात मिळाली नाही). तो अधूनमधून खोकतो. समीक्षाला विचारलं की बगळा खोकतो का. थंडीत खोकत असेल, म्हणाली. मागच्या आठवड्यात धक्क्याची एक लादी निखळली होती आणि माझा पाय तिथे पडणार, एवढ्यात बगळा ओरडला. बगळ्याचा आवाज कर्कश असतो असं पुस्तकात दिलंय, ते खरं आहे. साधारण "अहो" असा आला. त्याच्यावर लिहिलेलं मी मंडळात अजून म्हटलेलं नाही, तुम्हालाच पहिल्यांदा कळवतो:

रोज सकाळच्या पारी
उभा बगळा तो दूर
मासे सोडून तो पाही
माझा कसा आहे नूर

असो, फार लांबलं. एकंदरीत प्रकृती ठणठणीत, दृष्टी चांगली, धुकं तेवढं कमी व्हायला हवं. होळीपर्यंत मी सगळे पक्षी ओळखून दाखवतो आणि डॉक्टरचा विषय मिटवतो, तेव्हा तुम्ही आमची काळजी करू नका. वहिनींना नमस्कार, संदेशच्या मुलांना आशीर्वाद, आणि कोळिष्टकांकडे थोडं दुर्लक्ष करत जा.

तुमचा,
सगळं दिसणारा जानू

ता. क. काळजी करू नका असं वर लिहिलंय ते सोडून द्या. दादा, तुम्ही या. मला ऑपरेशन करून घ्यायचंय, पण एवढं ताणून धरल्यावर आता आपणहून हो कसं म्हणू. बायकोच्या मोठ्या भावाचा शब्द मोडायचा नाही, ही आपल्याकडची रीत आहे, तिचा मला आधार द्या. तुम्ही यायचं, अंगणातूनच आवाज चढवायचा, शेजारपाजार ऐकेल असं मला बोलायचं. मी थोडा वेळ आडमुठेपणा करीन (चहा होईपर्यंत). मग निव्वळ तुमच्या मानाखातर उठेन आणि शर्ट घालीन. होळीची वाट बघू नका. बाबल्या आणि त्याची पोरं माझ्या शब्दावर काही न विचारता होडी काढतात. उद्या धुक्यात मी त्यांना खडकावर धाडलं, तरी त्यातलं कुणी मला दोष देणार नाही, आणि तेच मला सहन व्हायचं नाही.

आणखी एक ता. क. बगळा खोकत नाही, हे मला कळतं. त्याच्या हातात बांगड्याही नसतात, ज्या वारा पडला की स्पष्ट वाजतात. पहिल्याच दिवशी मी ओळखलं होतं. पण दादा, आमचा संसार असा झाला की मी होडी लावून किनाऱ्याला यायचो तेव्हा ही मासळीची पाटी घेऊन बाजाराला निघायची, आणि ही परत यायची तेव्हा मी झोपलेला असायचो. दोघांनी मिळून सकाळी चालायला जायचं, हे आम्हाला कधी मिळालंच नाही. आता रोज मिळतं, मध्ये थोडं अंतर ठेवून का होईना. डोळे नीट झाले की माझ्या मागे यायला तिला काही कारणच राहणार नाही, म्हणून मी इतके दिवस अडून बसलो होतो. धुक्याचं तुम्ही समजून घ्या. यातलं तिला काही सांगू नका, नाहीतर ती उद्यापासूनच यायची थांबेल. हे शेवटचं फक्त तुमच्यासाठी:

पंख नाही, चोच नाही
पंचा त्याच्या डोईवर
असा पक्षी पुस्तकात
शोधू तरी कुठवर

(याच्या खाली बॉलपेनने, बारीक अक्षरात)

दादा, मी कमळा. ह्यांनी डिंक पाकिटाला लावायचा तो स्टुलाला लावला, आणि पाकीट तसंच उघडं माझ्या हातात दिलं, पोस्टात टाक म्हणून. स्टूल मी पुसून घेतलं. वाचायचं नव्हतं, पण अक्षर एवढं मोठं की लांबूनच दिसलं. तू ये. सोमवारी नाहीतर मंगळवारी ये, बुधवारी डॉक्टर असतो. अंगणातून ओरड, पण फार ओरडू नको, ह्यांच्या मनाला लागतं. मी आतच राहीन, मला काही माहीत नाही असं दाखवीन. वहिनीला सांग खोकल्याचा काढा देऊ नको. मला खोकला नाही. मागे कुणीतरी आहे हे ह्यांना कळावं म्हणून खोकते.

आणि येताना बाजारातून एक पांढरा पंचा घेऊन ये, चांगला लख्ख बघून घे. माझा जुना पार पिवळा पडलाय. इतके दिवस चालून गेला, पण आता ह्यांना दिसणार.