चिंचेखालचा हापसा आणि आमचं मतदार मंडळ

कवठाळवाडी, पोस्ट देवणी, तालुका उदगीर,
जिल्हा लातूर (उस्मानाबाद नव्हे. आता सवय करा.)
दि. ७ मार्च १९८३

ती. सौ. गोदावरी वन्संच्या पायांशी धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकलेली आहे. घरातलं टेबल शाळेनं नेलंय आणि मी पाटावर कागद ठेवून लिहिते आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? निरगुडीचा पाला बांधत जा. हदगावच्या बसची पायरी उंच असते, तेव्हा कंडक्टरनं कितीही घाई केली तरी आधी हात टेकायला दांडा धरायचा आणि मगच त्याला बोलायचं. इकडे सगळे खुशाल. तुमच्या बंधूंची तब्येत उत्तम असावी असं दिसण्यावरून वाटतं. विचारायची सोय सध्या नाही, का ते पुढे येईल.

तर वन्सं, तुमच्याकडच्या बायका मतदारांचा वर्ग काढू म्हणतायत, तुमचं मंडळ कसं निघालं ते थोडक्यात कळव, असं तुम्ही लिहिलंत. 'थोडक्यात' हा शब्द मी दोनदा वाचला. प्रयत्न करते.

आमचं मंडळ निघालं ते चौदा गंगाबायांमुळे. बहात्तर साल. मी लग्न होऊन या गावी आले त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. मार्चात निवडणूक होती आणि त्याआधी मतदारयादी करणारा एक माणूस दारोदार फिरून गेला होता. त्यानं ओट्यावर बसलेल्या गड्यांना बायकोचं नाव विचारलं. आता चारचौघांत बायकोचं नाव कुठला गडी घेणार? सगळे आपले खाली मान घालून हसले. त्या माणसाला पुढच्या गावाची बस गाठायची होती. त्यानं जिथं उत्तर मिळालं नाही तिथं 'गंगाबाई' लिहिलं आणि निघून गेला. मतदानाच्या दिवशी खालच्या वस्तीतली पंचफुला रांगेत उभी राहून टेबलापाशी पोचली. (खालची वस्ती म्हणजे बौद्ध मंडळींची, ओढ्याच्या अलीकडे. पंचफुला तेव्हा पंचविशीतली, शाळा दुसरीपर्यंत, आणि बोलणं असं की वकिलानं शिकवणी लावावी.) टेबलावरचा म्हणाला, पंचफुला यादीत नाही, गंगाबाई आहे, तुम्ही गंगाबाई असाल तर मत द्या.

"मग ती यील तवा तिला द्या," असं म्हणून पंचफुला घरी गेली.

बाकीच्या तेरा जणी गंगाबाई होऊन मत देऊन आल्या. पंचफुलानं मात्र दिलं नाही, आणि हे ती विसरलीही नाही. त्या वर्षी पाऊस आला नाही. सगळं गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला लागलं, मुलंसुद्धा, त्यामुळे तुमच्या बंधूंची शाळा ओस पडली आणि मी त्या कामावर सरकारी सुकडीचा खाऊ वाटायला जाऊ लागले. एका दुपारी पंचफुला हातोडी बाजूला ठेवून म्हणाली, "बाई, तुमाला लिवता येतं न्हवं? मग चौदा नावं लिवा अन् तालुक्याला धाडा." मी सुकडीच्या पोत्यावरचा कागद फाडून तिथंच लिहायला बसले. चौदा जणींनी आपापलं नाव स्वतः सांगितलं. सरजाबाई नावाच्या म्हातारीनं ते दोनदा सांगितलं, कारण, तीच म्हणाली, लग्नानंतर कुणी विचारलंच नव्हतं. सात महिन्यांनी दुरुस्ती होऊन आली. चौदाच्या चौदा नावं बरोबर. (माझं 'सौदामिनी' तेवढं 'सौ. दामिनी' झालं, ते अजून तसंच आहे. सौभाग्य यादीत पक्कं झालं म्हणून मी गप्प बसले.)

मग वर्ग सुरू झाला. मत म्हणजे काय, शिक्का कसा मारायचा, कागदाची घडी कशी घालायची म्हणजे शाई दुसऱ्या चिन्हाला लागत नाही. शिक्का म्हणून औषधाच्या बाटलीचं बूच आणि शाई म्हणून कुंकू भिजवलेलं. पहिल्याच दिवशी सरजाबाईनं बूच खाली ठेवलं. "मला न्हाई चालायचं ह्ये. मालक जाऊन धा वर्सं झाली," म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, वन्सं. कुंकू करंडीत परत गेलं आणि दुसऱ्या दिवसापासून मी कपड्यांची नीळ नेऊ लागले. तेव्हापासून तुमच्या बंधूंचे सदरे पिवळे दिसतात. तुम्ही दिवाळीला आलात तेव्हा ती माझ्या धुण्याची कसूर समजलात, म्हणून हा खुलासा.

आणि एक गोष्ट मी सगळ्यांकडून पाठ करून घेतली. मत गुप्त. नवऱ्याला सांगायचं नाही, सासूला सांगायचं नाही, देवळात देवानं विचारलं तर त्यालाही सांगायचं नाही. हे इतकं मुरलं की पुढच्या निवडणुकीनंतर सहा नवरे आमच्या घरी गाऱ्हाणं घेऊन आले. बायको कुणाला टाकलं ते सांगंना, म्हणाले. तुमच्या बंधूंनी त्यांना चहा पाजला. त्यांनाही मी सांगितलेलं नव्हतं.

आता यंदाचं ऐका. गेल्या पावसाळ्यात नवा जिल्हा झाला, पण पाऊस काही जुन्या जिल्ह्यातून इकडे बदलून आला नाही. विहिरीचा तळ दिसायला लागला. खालच्या वस्तीतल्या बायकांना तर आजही गावच्या विहिरीवर कुणीतरी शेंदून ओतेपर्यंत कडेला थांबावं लागतं. (हे तुम्हाला सांगताना लाज वाटते, पण आहे ते आहे.) अशात नव्या जिल्ह्यातून निरोप आला की कवठाळवाडीला एक हापसा मंजूर झाला आहे, जागा ग्रामसभेनं ठरवावी. सरपंच अमृतरावांनी ती मनातल्या मनात ठरवूनही टाकली. चावडीपुढे. चावडी त्यांच्या घराला लागून आहे हा निव्वळ योगायोग.

मला वाटत होतं हापसा शाळेजवळ व्हावा. मुलांची सोय म्हणून. (आमचं घर शाळेमागेच आहे, हाही योगायोगच.) तेव्हा मंडळाच्या वर्गात मी या वेळी सरावाच्या नेहमीच्या चिन्हांऐवजी, म्हणजे सूप आणि उखळाऐवजी, तीन चित्रं काढली, चावडी, शाळा आणि चिंच. चिंच म्हणजे गाव आणि खालची वस्ती यांच्या बरोबर मधे उभी आहे ती. सराव म्हणून सगळ्यांनी शिक्के मारले, खोक्यात टाकले, आणि मोजले तर चावडीला दोन, शाळेला एक आणि बाकी अठ्ठावन्न चिंचेला. शाळेचं एक मत गुप्त असल्यामुळे कुणाचं ते सांगता येत नाही.

पंचफुला म्हणाली, "बाई, सराव झाला. आता ग्रामसभेला जायाचं."

मी म्हटलं, बायका कुठे जातात ग्रामसभेला?

"यादीत नाव हाय का आपलं? मग जातो आपण."

गेल्या सोमवारी एकसष्ट जणी चावडीवर पोचलो. नव्या जिल्ह्याचे एक साहेब आले होते, तरुण, घाम पुसत बसलेले. अमृतरावांनी आम्हाला पाहिलं आणि हसून म्हणाले की हळदीकुंकू देवळात असतं. तेवढ्यात आमच्यातल्याच सुमनबाई पुढे झाल्या. या अमृतरावांच्या सख्ख्या चुलती आणि ग्रामपंचायतीत बायकांच्या दोन जागांपैकी एकीवरच्या सदस्य. चार वर्षांत एकाही बैठकीला आल्या नव्हत्या. सहीचं रजिस्टरच त्यांच्या चुलीपाशी जायचं. त्या सरळ जाऊन पुतण्याशेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आजवर सही येत हुती. आज बाई आली."

साहेबांनी मग जागेचं विचारलं आणि म्हणाले, हात वर करा. चावडीसाठी गड्यांचे चाळीस हात वर गेले. त्यात पहिल्या रांगेत हेडमास्तर, म्हणजे तुमचे बंधू. (शाळेच्या पत्र्यांचं काम पंचायतीकडे अडलंय हे मला ठाऊक आहे. तरी हात इतका ताठ करायचं कारण नव्हतं.) मग साहेबांनी विचारलं, चिंचेसाठी कोण?

एक हात वर होईना, वन्सं. एकही नाही! मी मागे वळून पाहिलं तर सगळ्या बायका हात पदराखाली घट्ट धरून बसलेल्या. सरजाबाई मला डोळ्यांनी खुणावत होती, की पाहा, आम्ही कसं पाळतो. साहेबांनी पुन्हा विचारलं. शेवटी पंचफुला उठली.

"साहेब, मत गुप्त असतंय. चिठ्ठ्या द्या, आमी शिक्का मारतो."

साहेब म्हणाले की ग्रामसभेत चिठ्ठी नसते, हातच मोजतात, आणि त्यांनी चावडीचा ठराव लिहायला पेन उघडलं. दहा वर्षं मी घोकून घेतलेला धडा माझ्याच डोळ्यांसमोर हापसा बुडवत होता. समोर सरपंच, साहेब, अख्खं गाव. शाळेची जागा गेली तर गेली, पण ही माझी चूक निस्तरायची तर मलाच. मी उभी राहिले आणि हात वर केला. इतका उंच की बांगड्या कोपरापर्यंत आल्या. आणि बायकांकडे वळून म्हटलं, "अगं, हे मतदान वेगळं. इथं लपवायचं नाही, दाखवायचं!"

मग पंचफुलाचा हात. मग सरजाबाईचा. मग खुर्चीवरून सुमनबाईंचा, पुतण्याच्या कानाला लागून. आणि मग सगळेच. साहेबांनी उभं राहून दोनदा मोजले आणि लिहिलं, चिंच.

शुक्रवारी बोअरची गाडी आली. शंभर फुटांपर्यंत नुसता फुफाटा. अमृतराव बाजेवर बसून आनंदात बघत होते. दीडशेला चिखल आला, आणि मग पाणी असं उसळलं की पंचफुला खालपासून वरपर्यंत भिजली आणि तशीच उभी राहिली. काल हापसा बसला आणि पहिली घागर तिनं स्वतः हापसून भरली. कुणी शेंदून ओतेल म्हणून कुणाला कडेला थांबावं लागलं नाही. मी आपली शाळेमागून दोन घागरी घेऊन लांब चालत गेले होते आणि माझा नंबर चौतिसावा होता. तरी बरं वाटलं. का ते नीट सांगता येत नाही.

झालं हे असं. तुमचे बंधू सोमवारपासून माझ्याशी बोलत नाहीत. मीठ पाहिजे असलं तर भिंतीला सांगतात. हदगावच्या मंडळाला आशीर्वाद, आणि त्यांना सांगा, गुप्त कुठे आणि उघड कुठे हे पहिल्याच दिवशी शिकवा.

तुमची,
सौदामिनी

ता. क. एक राहिलंच. एप्रिलात ग्रामपंचायतीची निवडणूक आहे. पंचफुला बायकांच्या जागेवर नाही, साध्या जागेवर गड्यांसमोर उभी राहते आहे, आणि दुसऱ्या वॉर्डातून मंडळानं माझं नाव घातलंय. मी हो म्हणून बसले. बोलणं बंद असल्यामुळे तुमच्या बंधूंना सांगायचं राहिलं. अर्ज येत्या सोमवारच्या पुढच्या सोमवारी भरायचा. जगात ते फक्त तुमचं ऐकतात. तर तुम्ही त्यांना एक पत्र टाका, की सौदामिनीनं उभं राहावं असं तुम्हाला वाटतं. तुम्हालाच सुचलं असं लिहा. माझं नाव नको.

दुसरी ता. क. हे पत्र त्यांच्या हाती पडू नये म्हणून पंचफुलाबरोबर देवणीला पाठवते आहे.

ती. अक्कास धाकट्या भावाचा, रेणुकादासाचा सा. न. पाकीट चिकटवायला डिंक फक्त शाळेत आहे, म्हणून पंचफुला ते माझ्याकडे घेऊन आली. मी वाचलं. हकीकत बरोबर आहे, फक्त एका ठिकाणी मोजणी चुकली आहे. बायका एकसष्ट होत्या, पण साहेबांनी चिंचेचे बासष्ट हात लिहिले. ती तेव्हा बायकांकडे तोंड करून उभी होती, तिला दिसलं नाही. अमृतरावांना दिसलं. शाळेचे पत्रे आता पावसाळ्यानंतर. तिला हे कसं सांगावं ते सुचेना, म्हणून बोलणं लांबलं. मी सांगितलं तर ती म्हणेल, शाबासकी मागायला आलात.

तू मात्र तिनं म्हटलं तसं पत्र लगेच टाक. तुलाच सुचलं असं लिही, आणि जरा दरडावून लिही. मी दोन दिवस नाही म्हणेन आणि मग तुझं ऐकेन.